दोन्ही पाय रेषेमागे

तीर्थरूप भाऊजींना,

दोन्ही हात जोडून आणि दोन्ही पाय रेषेच्या मागे ठेवून नमस्कार.

तुमची तब्येत ठणठणीत असेल, फक्त गुडघा कुरकुरत असेल आणि ताई नेहमीप्रमाणे तुमच्या वाटणीचंही बोलत असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत. लेकीच्या लग्नाला सव्वीस दिवस उरलेत आणि घरात पिशव्यांखेरीज काही दिसत नाही. (परवा सोफा समजून बसलो, तर खाली होणाऱ्या जावयाचा कोट निघाला. आता तो इस्त्रीला गेलाय. कोट. जावई अजून शाबूत आहे.)

तुमचं दोन ओळींचं पत्र मिळालं. एकोणीस वर्षांनी लिहायचं आणि तेही दोनच ओळी, हा काटकसरीपणा तुम्हालाच जमतो. पहिल्या ओळीत मुलीला आशीर्वाद, दुसरीत अट: ‘पाय हलला नव्हता असं लिहून सही कर, लग्नाला येतो.’ पाय म्हणजे तुमचा, आंतरकार्यालयीन स्पर्धेतल्या शंभर मीटरच्या शर्यतीतला. तुम्ही चौथ्या लेनमध्ये, पाणीपुरवठा खात्याची इभ्रत पाठीवर घेऊन ओणवे. शर्यत सोडायची बंदूक माझ्या हातात. आणि बंदूक वाजायच्या आधी पाय हलला म्हणून सख्ख्या मेहुण्याने तुम्हाला अख्ख्या गोतावळ्यादेखत बाद केलं. त्या दिवसापासून तुम्ही माझा उंबरा ओलांडला नाहीत. ताई आली की आत येते, तुम्ही कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे थांबता. (एकोणीस वर्षांत तुमचे केस कधी वाढलेले दिसले नाहीत, त्याचं श्रेय माझंच.)

लेक म्हणते, काका नसतील तर पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी ठेवा, पण दुसऱ्या कुणाला बसवू नका. बायको म्हणाली, “लिहून टाका की! कागदच आहे. जग काय तुमच्या सहीवर चाललंय?” खोटं कशाला सांगू, मी पेन उघडलं होतं. म्हटलं, एवढी शपथ उरकून येतो, मग लिहितो. आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

शपथेचं तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेलच. (ताई म्हणते तुम्ही पाहिलं नाही, तुम्ही फक्त त्या खोलीत होतात.) या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या उद्घाटनात आधी सगळ्या देशांचं संचलन होतं, मग तीन शपथा होतात: खेळाडूंची, पंचांची, प्रशिक्षकांची. प्रत्येकाने डाव्या हातात स्पर्धेच्या झेंड्याचं टोक धरायचं, उजवा हात वर करायचा आणि सर्वांच्या वतीने बोलायचं. पंचांच्या वतीने मला का निवडलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बाकीचे पंच म्हणतात, माझं कुणाशीच पटत नाही म्हणजे मी नि:पक्षपाती असणार.

तालमीला एक शिष्टाचार अधिकारी बाई होत्या. त्यांनी झेंड्याचं टोक कसं धरायचं यावर चाळीस मिनिटं घेतली. फार घट्ट धरलं तर ओढतोय असं दिसतं, फार सैल धरलं तर नाक पुसणार असं वाटतं. “सर, चेहरा जरा प्रसन्न ठेवा,” बाई म्हणाल्या. मी ठेवला. त्यांनी तो बघितला आणि म्हणाल्या, “राहू द्या, आधीचाच बरा होता.” तालमीत मी शपथ चार वेळा बिनचूक म्हटली. पण तेव्हा मैदान रिकामं होतं, हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

प्रत्यक्ष दिवशी आम्हाला मैदानाखालच्या एका खोलीत बसवलं. खुर्च्या प्लास्टिकच्या, मानकरी अस्सल. खेळाडूंच्या वतीने शपथ घेणारी, वजन उचलणारी मुलगी बोटांची नखं खात होती आणि शेवटची ज्योत पेटवणाऱ्या आजी, एके काळच्या सुवर्णपदकवाल्या, बूट काढून पाय चोळत बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, “घाबरलायस का रे?” मी म्हटलं, शपथेला नाही, नंतर एक पत्र लिहायचंय त्याला. आणि तुमची सगळी कहाणी सांगितली. आजींनी एकच विचारलं, “पाय हलला होता का?”

मी म्हटलं, “हो.”

“मलाही एकाने असंच बाद केलं होतं. अकरा वर्षं त्याच्याशी बोलले नाही. मग कंटाळून लग्न केलं.” एवढं सांगून त्यांनी बूट चढवले. (तुमच्या बाबतीत हा उपाय चालणार नाही, तुमचं आधीच माझ्या घरात लग्न झालंय.)

मग माझं नाव पुकारलं. मी पायऱ्या चढून वर आलो. समोर देशोदेशीचे खेळाडू उभे, त्यात पुढच्या रांगांत धावपटूच धावपटू. मी डाव्या हाताने झेंडा धरला. ऐंशी हजार माणसं एकदम गप्प झाली. भाऊजी, ती शांतता माझ्या ओळखीची होती! चोवीस वर्षं मी ती फक्त शर्यत सुटण्याच्या आधी ऐकली आहे. माझा उजवा हात वर गेला, आणि तोंडातून शपथेऐवजी खणखणीत बाहेर पडलं, “ऑन युवर मार्क्स!”

पुढच्या रांगेतले सगळे खाली बसले. संचलनाच्या कडक इस्त्रीच्या पोशाखात, बोटं जमिनीला टेकवून. एका छोट्याशा देशाचा झेंडेवाला काठी बगलेत मारून ओणवा झाला. पोहणारे वाकून पाण्याची वाट बघू लागले. कुस्तीवाले तेवढे इकडेतिकडे बघत राहिले. इथे तरी मी जीभ चावायची! पण हात वर आणि समोर ओणवे धावपटू असताना माझी जीभ माझ्या ताब्यात नसते. मी म्हटलं, “सेट.” तीनशे कंबरा एकदम वर उठल्या. माझं बोट हवेतल्या हवेत चाप शोधू लागलं. आणि त्या ताणाने बॅंडमधल्या मोठ्या ढोलवाल्याच्या हातातून काठी सुटली. धडाम!

पळाले की हो सगळे! फेटे, टोप्या, पाट्या उधळत सरळ पाहुण्यांच्या स्टॅंडकडे. एक मंत्री खुर्चीवर उभे राहिले. पन्नासेक पावलांनी धावपटूंच्या लक्षात आलं, मग एकमेकांना ढुशा देत, हसत परत वळले. बाई कोपऱ्यात दोन्ही हातांनी चेहरा झाकून उभ्या होत्या. (झाकायचा तर माझा चेहरा होता, त्यांचा नव्हे.)

मी तिथे उभा राहून विचार केला, की चूक कुणाची? माझ्याकडे उत्तर एकच. धावपटूला बाद करताना दाखवायचं लाल-काळं कार्ड ब्लेझरच्या आतल्या खिशात असतंच माझ्या. लोक चष्मा बाळगतात तसं मी ते बाळगतो. झेंडा न सोडता ते काढलं, हात लांब केला, आणि कार्ड स्वतःच्या तोंडासमोर धरलं. ऐंशी हजार लोकांदेखत मी मला बाद केलं.

आधी एकच माणूस हसला. गेल्या स्पर्धेत मी ज्याला बाद केलं होतं, तो. मग सगळं मैदान. धावपटू टाळ्या वाजवायला लागले, वजनवाल्या मुलीने बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मलाही हसू आलं. म्हणजे चेहरा तोच, बाईंनी तालमीत नापास केलेला. मग पुन्हा सगळे शांत झाले आणि मी शपथ घेतली, अक्षरन् अक्षर: कुणाचाही पक्ष न घेता, जे दिसेल तेच सांगेन. चोवीस वर्षांत मला त्या वाक्याचं वजन कळलं नव्हतं. त्या दिवशी कळलं.

तेव्हा भाऊजी, तुम्हाला हवं ते मला लिहून देता येत नाही. राग मानून घ्या, तो तुमचा हक्क आहे. ताईला नमस्कार.

तुमचा (बाद) मेहुणा

ता. क. सोबत ते कार्ड पाठवतोय. आता आपण दोघेही बाद. दोन बाद माणसांना एका पंक्तीत जेवायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही, मी पुस्तक तपासलंय.

ता. क. २. खरं काम आता सांगतो. लग्नाला येताना कार्ड घेऊन या. हॉलच्या दारात, सगळ्या गोतावळ्यादेखत ते मला दाखवा, हवं तितका वेळ हात वर धरा. मी मान खाली घालून उभा राहीन. मग आत चला. लेकीने पहिल्या रांगेतल्या चौथ्या खुर्चीवर तुमचं नाव चिकटवलंय.

ता. क. ३. न्हाव्यालाही आमंत्रण दिलंय, म्हणजे तुम्हाला परकं वाटणार नाही.

ता. क. ४. पाय हलला होता. उजवा. ताईनेही पाहिला होता, पण ‘त्यांना सांगू नकोस’ असं तिने मला म्हटलंय. मी शपथ घेतली आहे, तिने नाही.