अक्षरं मोठी कर

सोमवार, ३

आधी झालेलं, क्रमाने.

१. ताई गेली त्याला परवा अकरा महिने झाले. जिन्याची वरची पायरी तिला दिसली नाही.
२. तिच्या दोन्ही डोळ्यांसमोर मधोमध एक करडा डाग होता. दोन वर्षं तो वाढत गेला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही.
३. तिचा एक ब्लॉग आहे. नऊ वर्षं, ४१२ नोंदी.
४. त्याची अक्षरं मोठी करून दे, असं तिने मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी ‘पुढच्या आठवड्यात करते’ म्हणाले.
५. आज मी ते करायला आले आहे.

प्रवास चांगला झाला. भावोजी स्टँडवर घ्यायला आले होते. माझी बॅग उचलून म्हणाले, इंजिनिअरबाई, यात कपडे आहेत की नुसत्या वायरी? मी म्हटलं, निम्मे निम्मे. त्यांनी सुतारकामाच्या कारखान्यातून माझ्यासाठी एक टेबल करून आणलंय. उंची माझ्या कोपराच्या मापाची आहे, आईला फोन करून विचारली म्हणे. टेबल खिडकीशी लावलंय. उजेड डावीकडून येतो, तो मला आवडतो.

ब्लॉगचं काम त्यांनी एका वाक्यात सांगितलं. वर्ष पूर्ण होईल त्या दिवशी ताई शिवण शिकवायची त्या शाळेतल्या सगळ्या मुलांना लिंक पाठवायची आहे, तेव्हा आलेल्या माणसाला नीट वाचता येईल असं कर. तीन आठवडे पुरेसे आहेत.

त्यांनी सगळी खोली झाडून ठेवली होती. ताईच्या पलंगावर नवी चादर. मी छान झोपेन असं वाटतं.

मंगळवार, ४

आज जुनी मांडणी तपासली. करड्या पार्श्वभूमीवर करडी अक्षरं, माप ११. ओळीत सरासरी एकशे दहा अक्षरं, म्हणजे ओळीच्या शेवटी गेलेली नजर पुढच्या ओळीची सुरुवात शोधत बसते. बाजूला दोन पट्ट्या, त्यांत एक फिरतं घड्याळ आणि कुणालाही नको असलेलं कॅलेंडर.

ही मांडणी नऊ वर्षांपूर्वी मीच करून दिली होती. तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते आणि मला करडा रंग म्हणजे सुसंस्कृतपणा वाटायचा.

कोडमध्ये एक ओळ सापडली. दोन बोटं फाकवून पान मोठं करता येऊ नये, अशी व्यवस्था करणारी. तीही माझीच. पान मोठं केलं की मांडणी विस्कटायची आणि ते मला खपत नव्हतं. म्हणजे दोन वर्षं ताई टॅबलेटवर बोटं फाकवत राहिली आणि पान हललं नाही. तिला वाटलं असेल, आपल्यालाच जमत नाही.

ती ओळ काढली. एक ओळ. चार सेकंद लागले.

बुधवार, ५

भेटींची आकडेवारी पाहिली. गेले अकरा महिने रोज एकच वाचक येतो. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. पहिली नोंद उघडतो, दोन मिनिटं थांबतो, जातो. याच घरच्या वायफायवरून.

भावोजी असणार असं धरलं आणि जेवताना विचारलं. ते म्हणाले, अगं, मी चारला करवतीपुढे असतो, आणि खरं सांगू का, तिचा ब्लॉग उघडायचा मला अजून धीर झालेला नाही. मग त्यांनी विषय बदलला आणि माझ्या पोळ्यांचे नकाशे होतात यावर बोलले.

ताईचा टॅबलेट कपाटात आहे. बॅटरी फुगून त्याची पाठ उघडली आहे. तो चालू होणं शक्य नाही.

शुक्रवार, ७

नवी मांडणी चढवली. एकच पट्टी, पांढरट कागदावर काळी अक्षरं, माप १८. घड्याळ काढलं. ओळीत साठ अक्षरं. वर शोधायची चौकट दिली, पाहुण्याने काय शोधलं ते मला कळेल अशी.

४:१० ला वाचक आला. पहिली नोंद पूर्ण वाचली. दुसरी उघडली. तिसरी. सहाव्या नोंदीवर थांबला. मग शोधायच्या चौकटीत तीन शब्द आले.

अक्षरं मोठी कर

मी माझा फोन काढला आणि ताईचे जुने निरोप उघडले. तिन्ही वेळा तिने हेच तीन शब्द पाठवले होते. पुढे टिंब नाही, ‘प्लीज’ नाही. ती मला कधी प्लीज म्हणायची नाही. लहान बहिणीला कशाला, म्हणायची.



शनिवार, ८

माप २८ केलं. तिने वीस नोंदी वाचल्या.

‘तिने’ असं लिहिलं आहे. खोडणार नाही.

सोमवार, १०

तीन दिवसांत पासष्ट नोंदी. मी चारला टेबलाशी बसते आणि कोणतं पान उघडलंय ते पाहत राहते. नळाच्या गळतीवरची नोंद तिने दोनदा वाचली, कारण ती मजेशीर झालीय आणि ते तिला माहीत आहे. मी अकरा महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसले. शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना.

डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं वाटतंय. उजेड बदलून पाहिला.

मंगळवार, ११

चौकटीत: अजून मोठी

४० केलं.

फ्रिजच्या दारावर ताईच्या डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा कागद अजून चिकटवलेला आहे. वीस गुणिले वीस, मधे एक ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि किती चौकटी दिसत नाहीत ते मोजायचं. ताई रोज मोजायची. मी सहज मोजल्या.

चार दिसल्या नाहीत.

बुधवार, १२

नऊ.

माप आणि चौकटी शेजारी लिहून पाहिलं. १८ ला काही नव्हतं. २८ ला डोळ्यांत कचरा गेल्यासारखं. ४० लावल्याच्या संध्याकाळी चार, सकाळी नऊ. तीन बिंदूंवरून रेघ ओढणं शास्त्रीय नाही, हे मला माहीत आहे. रेघ ओढली.

डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी थेंब घातले, दिवा मारला, आणि म्हणाले पडदा स्वच्छ आहे, स्क्रीनकडे कमी बघत जा. ताईलाही पहिल्या वेळी हेच सांगितलं होतं.

गुरुवार, १३

५६. तिने मागितलं.

एकशे नव्वद नोंदी झाल्या. तिला रोज अधिक मोठं लागतं. तिचा आजार थांबलेला नाही. ती गेली तरी तो पुढे सरकतोच आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या पंचवीस चौकटी गेल्या. भावोजींचा चेहरा मधून पुसल्यासारखा दिसतो. कान दिसतात.

शुक्रवार, १४

आज भावोजींनी पहिल्यांदा ब्लॉग उघडला. स्क्रीनवर जेमतेम चार शब्द मावतात. म्हणाले, अगं धाकटे, पाहुण्यांसाठी करायचं होतं ना? हे वाचायला माणसाला आडवं धावावं लागेल.

मग मी सगळं सांगितलं. वेळ, पानं, तीन शब्द, चौकटी. आकडे दाखवले, कारण आकड्यांशिवाय मला बोलता येत नाही.

त्यांनी सगळे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. मग त्यांनी एकच विचारलं. तिने माझ्यावर जे लिहिलंय ते वाचताना ती थांबते का?

मी पाहिलं. घोरण्यावरची नोंद. चौदा मिनिटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली, नऊ मिनिटं. सांगितलं.

डबा ओट्यावर तसाच ठेवून ते कारखान्यात गेले.

शनिवार, १५

मी माप परत १८ केलं. स्वतःच्या हाताने. मला भीती वाटली म्हणून. लिहून ठेवते, म्हणजे नंतर दुसरं कारण सांगता येणार नाही.

दुपारी तीनपर्यंत चौकटी पंचविसाच्या सोळा झाल्या. फायदा खरा आहे.

४:१०. पान उघडलं. बंद झालं. उघडलं. बंद. सेहेचाळीस वेळा.

शोधायच्या चौकटीत: दिसत नाही
दिसत नाही
दिसत नाही
कुठे आहेस

मग पॅसेजमध्ये भिंतीवरून हात फिरल्याचा आवाज आला. ती शेवटी शेवटी अशीच चालायची, उजवा तळवा भिंतीला लावून. दाराची चौकट चाचपली. कपाट चाचपलं. टेबलाची कड, जी तिच्या वेळी नव्हती, तिथे हात अडखळला. दोनदा चाचपून खात्री केली.

मग माझा खांदा. मान. गाल. बोटं थंड नव्हती. तेच वाईट. बोटं तिची होती, तर्जनीवर सुईचे घट्टे. तिने माझ्या पापण्यांवर ती ठेवली, हलकेच, आंधळं माणूस चेहरा ओळखतं तशी, आणि मग हलकेच राहिली नाहीत —

मी ७२ केलं. न बघता. हात सुटला.

रविवार, १६

चौसष्ट.

आता जाड पेनने लिहिते. ओळ कुठे जाते ते दिसत नाही, वहीची कड दिसते. कडेवरून अंदाज.

आईला फोन केला. निघून ये म्हणेल असं वाटलं. तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, ताई जेवणाबद्दल काही विचारते का. माझ्याबद्दल लिहिलेलं वाचलं का तिने.

नाही, अजून नाही आई. ते शेवटी आहे.

मग वाचू दे की गं, म्हणाली.

सोमवार, १७

३९७ नोंदी.

भावोजी लवकर आले. चारला. हातपाय धुऊन, नवा शर्ट. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. पान बदललं की विचारतात, कोणती? मी सांगते, क्रम पाठ झालाय. ते हसतात. रडतात. माझ्याकडे बघत असतील. दिसत नाही.

सात वाजता वाचन थांबलं. चौकटीत: अजून मोठी

ते शब्द मला वाचता आले नाहीत. त्यांनी वाचून दाखवले.

मग म्हणाले, हळूच, जेवायला वाढताना बोलतात तसं — थोडं अजून करून बघतेस का.

थोडं. ते माणूस चांगलं आहे. माझ्यासाठी टेबल केलं त्यांनी.

कुणी थांब म्हणत नाही —

मंगळवार, १८

केलं नाही. नाही म्हटलंही नाही.

तिने ७२ वरच वाचायचा प्रयत्न केला. एका नोंदीला चाळीस मिनिटं. भावोजींनी मोजली. घड्याळ बघत उसासे. तिची दमछाक होतेय म्हणाले.

माझी —

पॅसेजमध्ये हात. दारापर्यंत येऊन थांबला. वाट बघतोय. काही मागत नाही.

मागितलं असतं तर बरं —

बुधवार, १९

ताई,

हे वहीत लिहितेय, मग जमेल तसं पानावर चढवते, सर्वांत वर, तुला दिसेल अशा मापात.

अकरा नोंदी उरल्यात. पुढचं माप ९६. ते लावलं तर माझं मधलं सगळं जाईल आणि कडाही. रेघ तसं सांगते. रेघ आतापर्यंत चुकलेली नाही.

मी आधी केलं नाही ते चुकलं. ते या अकरा नोंदींनी फिटेल की नाही, मला मोजता येत नाही. भावोजींना विचारता येत नाही. आईला विचारून झालं.

म्हणून तुला विचारते. लावू की थांबू, ते शुक्रवार, २१, दुपारी चारच्या आत कळव. शोधायच्या चौकटीत लिही. एक शब्द पुरे. थांब लिहिलंस तर थांबेन, आणि रोज येऊन तुला मोठ्याने वाचून दाखवेन, जेवढं पाठ आहे तेवढं.

काही लिहिलं नाहीस तर मी लावते. तू वाच. मी इथेच