घुमटाखालचं अर्धं पान

४ जानेवारी

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा सा. न. वि. वि. इकडे सगळे बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत ते आधी लिही. मागच्या पत्रात शेजारणीच्या मांजरीचं बाळंतपण सविस्तर होतं, स्वतःविषयी एक ओळ नव्हती.

बातमी अशी की मला टाऊन हॉलच्या गिलाव्याचं काम मिळालं. हो, तोच. पाडायचा की ठेवायचा यावर नगरपालिकेने इतकी वर्षं घोळ घातला, शेवटी ठेवायचं ठरलं. देखरेखीला एक वास्तुतज्ज्ञ बाई आहेत. प्रत्येक भेग भिंगातून बघतात, म्हणून आम्ही त्यांना भिंगवाली म्हणतो; त्यांच्या पाठीमागे, अर्थात. त्या सांगतात की मुळात इथे नुसता धान्यबाजार होता, चारी बाजूंनी उघड्या कमानी. गाव वाढलं तसं त्या कमानींच्याच डोक्यावर घुमटाचं सभागृह चढवलं, आणि वजन पेलेना तेव्हा निम्म्या कमानी बुजवून टाकल्या. भिंतीवरून हात फिरवला की बुजवलेली कमान अजूनही हाताला लागते.

पुढच्या आठवड्यात घुमटाखालच्या फळ्या निघणार. दाजी ज्या छतावर चुन्याची वेल करत होते, जेवायला म्हणून एका दुपारी उतरले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत, ते छत या फळ्यांच्या मागे आहे. ते गेले, काम बंद पडलं, फळ्या ठोकल्या. त्यांचं शेवटचं काम तेव्हापासून कुणी पाहिलेलंच नाही. तुला न सांगता त्याखाली उभं राहणं मला जमायचं नाही. राग आला तरी चालेल, पण उत्तर पाठव.

तुझ्या शिव्यांना आसुसलेला,
धाकट्या

११ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. गुडघे आहेत तिथेच आहेत. पिल्लं मात्र गोजिरवाणी निघाली, तू काही म्हण.

राग नाही आला. शिवत बसले होते, पत्र वाचून पुन्हा शिवायला घेतलं तर बाहीच उलटी जोडली. गिऱ्हाईक भलं म्हणून निभावलं. इकडे लेकीने तोच धोशा लावलाय, घर बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये. तिचं काही चुकत नाही. पण मी कुलूप लावून गेले आणि हे आले तर? सायकल पुलाजवळ सापडली म्हणून निम्मं गाव म्हणतं बुडाले, निम्मं म्हणतं संसाराला कंटाळून निघून गेले. मी इतकी वर्षं ना इकडची ना तिकडची. अजून जेवणाच्या वेळेला दाराची कडी काढून ठेवते. हसू नकोस.

एक काम कर. आपल्या घराण्याची रीत तुला सांगायला नको, तरी सांगते. ज्याला पुन्हा वर चढायचं आहे त्याने हातातलं वेलीचं पान अर्धं ठेवूनच खाली उतरायचं, मग पाणी प्यायला का उतरेना. अर्धं पान माणसाला ओढून आणतं, असं बाबा म्हणायचे. पान पुरं करून उतरला, तो काम सोडून निघाला. हे बाबांच्याच हाताखाली तयार झाले होते. एक वेळ जेवण विसरतील, पण ही रीत नाही.

तेव्हा फळ्या निघाल्या की शेवटचं पान बघ आणि खरं ते लिही. अर्धं असेल तर हे परत येणार होते आणि वाटेत घात झाला. पुरं असेल तर मला टाकून गेले. दोन्ही सोसेन. मधल्यामध्ये लोंबकळणं आता सोसवत नाही.

आशीर्वादाला आणि धपाट्याला समर्थ,
ताई

२३ जानेवारी

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. उशीर झाला, माफ कर. इथे काही बरं चाललेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत गडी बाहेर जातात, मी एकटाच आत असतो. घमेल्यात थापी घासल्याचा आवाज येतो. ओल्या चुन्याचा वास येतो, आणि आम्ही अजून चुना भिजवलेलाच नाही! वरच्या सज्जातून कुणीतरी खाकरतं. दाजी वर चढण्यापूर्वी भिंतीला वर्दी दिल्यासारखे खाकरायचे, आठवतं? अगदी तसंच. मी भिंगवालीला सांगितलं. त्या म्हणाल्या की तो घुमटाचा दोष आहे, रस्त्यावर कुणी खोकलं तरी आवाज गोल फिरून सज्जात पडतो. सभा चालायच्या तेव्हा नगरसेवकांची कुजबुज वर बसलेल्या लोकांना ऐकू जायची आणि त्यावरून हाणामारी व्हायची. तापाच्या साथीत इथे खाटा टाकल्या होत्या, तेव्हा एकाचं कण्हणं दुसऱ्याच्या कानाशी ऐकू यायचं म्हणे. आवाजाचं समजलं, मग वासाचं काय, असं मी विचारलं. त्यांनी मला वेळेवर जेवायला सांगितलं.

फळ्या निघाल्या. वेल घुमटाच्या कडेने फिरत सज्जाच्या वर येऊन थांबली आहे. काय हात होता दाजींचा! पानं वाऱ्याने हलतील असं वाटतं. शेवटचं पान अर्धं आहे, ताई. ते परत येणार होते. आता रडून घे आणि लेकीकडे जा.

तुझा,
धाकट्या

१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. पोटभर रडले. शेजारीण धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं गेलंच आहे, फक्त बातमी आत्ता आली.

वेडं वाटेल तुला, पण मला सुख झालं. माणूस बुडाला याचं सुख कुणाला होतं का? पण मला टाकून गेला नाही, एवढं ऐकायला मी आसुसले होते. भांडण झालं होतं रे आमचं त्या सकाळी, डब्यावरून. इतकी वर्षं मनात तेच कुरतडत होतं. यापुढे पत्रावर सौ. लिहू नकोस. तू एकटाच लिहायचास, बाकीचे बिचारे नुसतं ताई लिहून वेळ मारून न्यायचे.

लेकीला कळवलं, येते म्हणून. मात्र जाण्याआधी ते पान डोळ्यांनी बघणार. तिकीट काढलंय, पुढच्या रविवारी पोचते. त्या इमारतीत पाऊल टाकणार नाही म्हणून शपथ घेतली होती, ती मोडली असं समज.

पाहुणचारात काटकसर करू नकोस.
ताई

५ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. घाईत लिहितो. येऊ नकोस. परांची उतरवली आहे, शिडी लावून चढावं लागेल आणि तुझे गुडघे आहेत ते असे. धुळीने जीव घुसमटतो. मी फोटो काढून पाठवतो. उद्घाटनाला ये ना सावकाश, खुर्चीत बसून बघशील.

ऐक एकदा तरी माझं.
धाकट्या

१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचले. तुझ्या बायकोला सांग, बांधून दिलेला खाऊ गाडीतच संपवला.

आता कामाचं. शिडीवर तू खालून मला धरलं होतंस आणि मी पानावरून बोट फिरवत होते, तेव्हाच मला कळलं. अरे, मी गवंड्याची लेक आहे. जुना चुना पिवळा पडतो, गुळगुळीत होतो. त्या पानाची कापलेली कड पांढरीशुभ्र होती, बोटाला ओलही लागली. पान पुरं होतं ना? मी येणार म्हटल्यावर तू छिन्नीने अर्धं केलंस आणि कड ओल्या फडक्याने पुसलीस. लहानपणी खोटं बोलताना तुझे कान लाल व्हायचे, तसेच त्या दिवशी झाले होते.

रागावले नाही. माझ्यासाठी खोटं बोलणारं कुणीतरी आहे, हेही नशीबच. पण याचा अर्थ हे जिवंत निघून गेले. मग आजही असतील कुठेतरी. लेकीला पुन्हा कळवलं, येत नाही म्हणून, ती फोनवर रडली. परवापासून जेवणाच्या वेळेला कडी काढून बसतेय. काय करू, तूच सांग.

ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मी खोटं लिहिलं, हे खरं. पण तुला वाटतं ते मी केलेलं नाही.

फळ्या निघाल्या तेव्हा पान पुरं होतं. शिरा, टोक, देठाचं वळण, सगळं जीव लावून केलेलं. ते तुला लिहायला हात धजला नाही, म्हणून अर्धं लिहिलं. तू कशाला येतेस बघायला, असं वाटलं. तू निघालीस तेव्हा धाबं दणाणलं. तू येणार त्या सकाळी छिन्नी घेऊन शिडी चढलो. ताई, पान आधीच अर्धं झालेलं होतं. कड ओली होती. सज्जात खाली चुन्याचा कणही सांडलेला नव्हता. दाराची किल्ली माझ्याच खिशात होती. छिन्नी न लावता मी तसाच उतरलो. माझे कान लाल झाले असतील तर ते भीतीने.

भिंगवालीला सांगितलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. पुरं पान त्यांनीही पाहिलं होतं, त्यांच्याकडे फोटो आहे. आता सुट्टीत त्या आत पाऊल टाकत नाहीत. खाकरणं पूर्वी सज्जातून यायचं, आता शिडीच्या पायथ्याशी येतं. उद्घाटनाआधी वेल पुरी करायची आहे. माझा हात उठत नाही. काय करू, तूच सांग.

तुझा घाबरलेला भाऊ,
धाकट्या

२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचून दोन दिवस उशाखाली ठेवलं. मग एकदम हसू आलं. बघ की, इतकी वर्षं मी दार उघडं ठेवून बसले आणि हा माणूस मेल्यावर परत आला तो कामावर! घरी नाही. जिवंतपणीही असंच होतं.

आता मला दिसतंय ते असं. पान पुरं करून गेले, म्हणजे त्या दिवशी मला टाकूनच गेले. कुठे राहिले, कधी मेले, देव जाणे. पण पस्तावले असावेत. म्हणून स्वतःचंच पान मोडून अर्धं केलं, म्हणजे ते त्यांना ओढून आणेल. बोलून सांगता येत नाही, तर परत यायचं होतं हे चुन्यात सांगितलं. मी खूप रडले धाकट्या, आणि रागही खूप आला. आधी सांगायचं होतं. हे गेले तेव्हा माझे केस काळे होते, आता पांढरे झाले. एवढ्या उशिरा आलेल्या माणसासाठी मी कडी काढून बसायचं का?

तू पानाला हात लावू नकोस. गुरुवारी पोचते. चुना भिजवून, मळून तयार ठेव. पोरींचा हात गरम असतो, चुन्याला तडा जातो म्हणून बाबांनी मला कधी थापी धरू दिली नाही. जाऊ दे तडा. ते पान मी पुरं करणार आहे. सुट्टीतच करू, सगळे बाहेर गेले की. ते शिडीशी येऊन खाकरले तर मला भीती वाटणार नाही, बाजूला व्हा म्हणेन.

लेकीला तार केली आहे, तिथूनच तिच्याकडे जाते. शेजारणीला घराची किल्ली दिली आणि मी पाळलेलं तिच्या मांजरीचं पिल्लूही. तू फक्त शिडी घट्ट धर. पान पुरं करून उतरला तो काम सोडून निघाला, ही रीत मला ठाऊक आहे. मी पुरं करून उतरणार आहे.

तुझी,
ताई