पिकअपच्या सायलेन्सरबाबत आणि उरलेल्या मिळकतीबाबत

मी, हिलाल वना पाटील, वय ७१, धंदा वेल्डिंग, राहणार सोनगीर, तालुका व जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे आणि कोणाचेही दडपण नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वकीलसाहेब म्हणाले ते लिहू नका, पण ते खरे असल्यामुळे राहू दिले.

१. सोनगीर येथील माझे राहते घर माझी पत्नी बेबाबाई हिचे राहील. तिच्यानंतर ते माझा धाकटा भाऊ नवल याची मुलगी हेमांगी हिला मिळावे. आम्हाला मूल नाही. हेमांगी चौथीपर्यंत आमच्याच घरून शाळेत गेली. बेबाबाई एकटी कशी राहणार, असा विषय नातेवाइकांनी तिच्यासमोर काढू नये. ती राहील.

२. पोस्टातील ठेव बेबाबाईची. दुकानाची जागा भाड्याची आहे, ती मालकाला परत द्यावी.

३. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि पक्कडी धुळ्याचे मेकॅनिक रतिलाल यांना द्याव्यात. त्यांच्याकडे याहून चांगली हत्यारे आहेत, हे मला माहीत आहे. माझ्या कामाला ते चारचौघांत ठिगळ म्हणाले, म्हणून मी चार वर्षे त्यांच्या गॅरेजची पायरी चढलो नाही आणि त्यांच्या मुलीच्या लग्नालाही गेलो नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते. हत्यारे देताना एवढा निरोप सांगावा.

४. पिकअप गाडी, २००७ सालची, माझ्या नावावर आहे. चालवायचा मात्र नवल. हे कलम लांबेल, त्याला इलाज नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये नवलने गाडी रतिलाल यांना दाखवली. ते म्हणाले, सायलेन्सर पार कुजला आहे, इंजिनाजवळच्या जोडातून धूर गळतो आणि केबिनच्या तळाला भोक पडले आहे. इंजिनापासून शेवटापर्यंत सगळा पाइप नवा, जाड, न गंजणारा टाका आणि तळ बुजवून घ्या. नवल माझ्या दुकानात आला आणि नवे बसवू का, असे विचारले. पैशाची अडचण नव्हती. हायवेवर चाळीस वर्षे मी ट्रकांचे सायलेन्सर जोडतो, आणि माझ्या भावाच्या गाडीला धुळ्याचा माणूस नवे सामान टाकणार, हे मला लागले. मी म्हणालो, माझ्या हाताचा वेल्डिंगचा डाग आहे, दहा वर्षे बघायला नको. त्या गाडीला तो माझा तिसरा डाग होता. तळाचे भोक मी पाहिलेच नाही.

९ जानेवारी २०२२ रोजी नवल आणि त्याची पत्नी ताईबाई चाळीसगावला निघाले. हेमांगी तेव्हा तिथे राहत असे. तिला तूरडाळ आणि गहू द्यायचे होते. थंडी फार होती, ताईबाईला खोकला होता, म्हणून काचा वर होत्या. धुळे सोडल्यावर ती म्हणाली, डोके जड झाले, जरा झोपते. नवललाही मळमळत होते. मेहुणबाऱ्याला पाण्यासाठी गाडी थांबवून त्याने तिला हाक मारली, तेव्हा ती उठली नाही.

डॉक्टर म्हणाले, बीपी होते, हृदय बंद पडले असेल. धुराचेही असू शकते, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. तपासणीला मी नाही म्हणालो. घरात मी मोठा, माझा शब्द चालला. बाईच्या देहाची चिरफाड नको म्हणून मी बोललो, की माझ्या डागाची तपासणी नको म्हणून, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. आता ते कळायला मार्गही नाही.

दिवस झाल्यावर नवलने चावी माझ्या हातात ठेवली. गाडी तेव्हापासून पत्र्याखाली उभी आहे.

हेमांगी आता जळगावला पिंप्राळ्यात राहते आणि रोपांची नर्सरी चालवते. गेल्या दिवाळीत तिने गाडी मागितली. अंगणात नवलही बसला होता. ती म्हणाली, "आबा, पासिंग करायचं तर सायलेन्सर नवा टाकावा लागेल ना? का तुम्हीच डाग देता?"

तिला काहीच माहीत नव्हते. नवल खाली बघत राहिला. नवा टाक म्हणालो असतो, तर तो तिच्या आईच्या वेळी का टाकला नाही, हे आलेच असते. डाग देतो म्हणालो असतो, तर पोरगी त्याच केबिनमध्ये बसली असती. मी म्हणालो, बघू. या एका शब्दावर मी चार महिने काढले. एकदा बॅटरी घेऊन गाडीखाली शिरलो, की निदान तो जोड कसा फुटला ते दिसावे. डोळ्यांपुढे नुसते धुके. हाताने चाचपले, गंज हाताला लागला. बेबाबाईने पाय धरून बाहेर ओढले.

तरी असे ठरवतो: रतिलाल यांनी इंजिनापासून शेवटापर्यंत सगळे नवे बसवून तळ बुजवल्याशिवाय ही गाडी कोणीही चालवू नये. त्यानंतर ती हेमांगीची. चावी देण्याआधी हे कलम तिला पूर्ण वाचून दाखवावे. मग तिने गाडी घेतली नाही तर तिला आग्रह करू नये. तिने माझे नाव टाकले तरी तिला कोणी समजावायला जाऊ नये. तिच्यासमोर बसून मी हे स्वतः सांगायला हवे होते. दोनदा पिंप्राळ्याला गेलो, चहा पिऊन परत आलो.

५. वरील कच्चा मसुदा मी काल वकीलसाहेबांकरवी नवलला वाचून दाखवला. त्याने पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाला, "भाऊ, माले तवयच समजनं व्हतं. काच खाले करानी व्हती, मन्हाघाई ते बी झायं नही."

म्हणजे धुराचे त्याला त्याच वेळी कळले होते, आणि काच खाली न केल्याचे ओझे तोही एकटाच वाहत होता. तुझी चूक नाही, असे मी त्याला म्हणालो. तोही मला तसेच म्हणाला. दोघांनाही ते पटले नाही.

चौथ्या कलमात माझेही नाव घाला, असे तो म्हणाला. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्र तुमचे आहे, त्यात दुसऱ्याचा कबुलीजबाब घालता येत नाही. तुमचे भाऊ साक्षीदार म्हणून सही करू शकतात, पण मग त्यांना मिळकतीतले काही ठेवू नका. वडिलोपार्जित विहिरीतला माझा हिस्सा मी नवलच्या नावे लिहिला होता. तो त्याने स्वतःच्या हाताने खोडला. हिस्सा बेबाबाईला जावा.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले, ते माझेच आहे. खाली दोघांच्या देखत सही केली आणि त्यांनी माझ्या देखत.

ठिकाण: सोनगीर
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२६

सही: हिलाल वना पाटील

साक्षीदार:
१. प्रेमराज गिरधर महाजन, राहणार सोनगीर
२. नवल वना पाटील, राहणार सोनगीर (चौथे कलम वाचून सही केली)