आमची मुले सुदृढ असल्याचा शेरा रद्द होण्याविषयी

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
बालक पोषण आहार पथक (दुष्काळी कामे),
मुक्काम शेवगाव, जि. अहमदनगर.

अर्जदार : पुंजाराम एकनाथ ढाकणे, हजेरी मुकादम, बोरतळे खडी केंद्र, ता. शेवगाव.

विषय : केंद्रावरील एकेचाळीस बालके सुदृढ असल्याचा शेरा रद्द करून त्यांना अशक्त ठरविणेबाबत.

संदर्भ : आपला शेरा दि. ५ फेब्रुवारी १९७३ : "सर्व बालके समाधानकारक. जादा आहाराची आवश्यकता नाही."

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी मराठी सातवी पास असून या केंद्रावर हजेरी लिहितो. आपले पथक मुलांची वजने घेण्यास येते तेव्हा नर्सबाई काट्यावरचा आकडा वाचतात, तो पत्रकात मीच भरतो. म्हणून पत्रक खोटे आहे हे माझ्याइतके खात्रीने दुसरा कोणी सांगू शकणार नाही. आपली मुले निरोगी नाहीत असा अर्ज घेऊन सरकारदारी येणारा बाप आपण पाहिला नसेल. मीही पाहिला नव्हता.

२. घडले ते असे. दि. १३ नोव्हेंबर रोजी पहिल्यांदा वजने झाली. लिंबाच्या फांदीला काटा टांगला, त्याला झोळी लावली आणि एकेक मूल झोळीत बसविले. ज्यांचे वजन कमी भरले त्यांची नावे तांबड्या शाईने लिहावीत असा आदेश होता. त्या दिवशी तांबडे नाव एकच निघाले, गोजरबाईच्या गोरक्षचे. त्याला लगेच आपल्या जीपमधून मोठ्या दवाखान्यात नेण्यात आले. पाचव्या दिवशी तो परत आला तो कापडात गुंडाळूनच. दवाखान्याचा यात काही दोष होता असे माझे म्हणणे नाही, पोर आधीच हातचे गेलेले होते. परंतु गोजरबाई खडीच्या ढिगावर बसून एकच वाक्य बोलत राहिली, "काट्यानं खाल्लं माझं लेकरू." ते वाक्य केंद्रावरच्या प्रत्येक बाईने ऐकले आणि तांबडी शाई म्हणजे काय, याचा ज्याने त्याने आपापला अर्थ लावला.

३. येथे माझा स्वतःचा गुन्हा नमूद करणे प्राप्त आहे. दुष्काळापूर्वी वीस वर्षे मी घोडेगावच्या बाजारात हेडी होतो, म्हणजे बैलांचे सौदे जुळवून देत होतो. त्या धंद्यात जनावर आहे त्यापेक्षा चांगले दाखविणे याला कोणी लबाडी म्हणत नाही. खपाटीला गेलेले पोट भरीव दिसावे म्हणून मीठ चाटवून बादलीभर पाणी पाजायचे, शिंगांना तेल लावायचे, हे मी शेकडो वेळा केले आहे. कारण रोडके जनावर शेतकरी घेत नाही, ते खाटकाकडे जाते. माझ्या डोक्यात तेच बसलेले. काटा दिसला की मला बाजारच दिसला. चार आया माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मुकादम, तुमी तर लई जनावरं इकलीत, कायतरी सांगा." मी सांगितले.

४. डिसेंबरच्या वजनाला मुलांना सकाळी पोटभर पाणी पाजून आणले. शिवाय रोलरचे झिजलेले नट आणि छिन्नीची मोडकी टोके फडक्यात शिवून ती पुरचुंडी करदोट्याला बांधली. नर्सबाईंनी सोडायला सांगितले तर, मढीच्या नाथांचा अंगारा आहे, उतरवायचा नसतो, असे म्हणायचे ठरले होते. बाई भल्या होत्या. त्यांनी एकाही लेकराच्या कमरेला हात लावला नाही. नाथांचे नाव मी खोट्यासाठी वापरले, याचा जाब ते मला विचारतीलच, त्याबाबत आपण काही करावे अशी विनंती नाही.

५. माझी मुलगी लंका अडीच वर्षांची आहे. तिच्या नावापुढे नोव्हेंबरात नऊ किलो, डिसेंबरात नऊ किलो दोनशे, जानेवारीत नऊ किलो चारशे आणि फेब्रुवारीत नऊ किलो सहाशे ग्रॅम अशी नोंद आहे. पुरचुंडी आधी पाव किलोची होती, मग अर्ध्या किलोची, शेवटी एक किलोला थोडी कमी. मूल जसे उतरत गेले तसे लोखंड चढवत गेलो. दर महिन्याला बरोबर दोनशे ग्रॅम वाढणारे लेकरू जगात कोठे असते, हे एखाद्या शिकलेल्या माणसाच्या ध्यानात यायला हरकत नव्हती. पण हे मी रागाने लिहून गेलो. फसविणारा मी, आपणांस बोल लावण्याचा मला अधिकार नाही.

६. जानेवारीपासून पथक न कळविता येऊ लागले. त्यामुळे पुरचुंड्या दिवसभर मुलांच्या कमरेला राहू लागल्या. याच सुमारास लंका चालायची थांबली. दिवाळीत ती माझ्या मागे खडीच्या ढिगापर्यंत पळत येत असे, आणि माघ लागेतो बसून राहायला लागली. लोखंडाचा भार होतो म्हणून बसते, अशी आम्ही उभयतांनी समजूत करून घेतली. एके दिवशी माझी बायको रतनबाई हिने पुरचुंडी सोडून तिला उभे केले. ती खाली बसली. पुन्हा उभे केले, पुन्हा बसली. मूल चालायला शिकते हे सगळ्यांना माहीत आहे. शिकलेले चालणे मूल विसरते, हे मला त्या दिवशी समजले, आणि मी तिथून उठून कामावर निघून गेलो, कारण मला रतनबाईकडे पाहवेना.

७. इतर मुलांचेही तसेच आहे. काळे केस तांबूस होऊन हाताला येतात. ओठांच्या कडा चिरल्या आहेत. आम्हांला मिळणारा तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मोठ्यांनाच पचत नाही, तर लहानांचे काय सांगावे. सावलीला झोळ्या बांधून मुले सांभाळणारी छबूबाई परवा मला म्हणाली, "मुकादम, पोरं रडंनाशी झाली. ह्ये काय बरं लक्षण न्हाई." त्याच गोष्टीबद्दल आपल्या तपासनीसांनी मात्र भेटपुस्तकात लिहिले आहे की, "मुले शांत व शिस्तबद्ध आढळली." वाक्य शुद्ध आहे. चाळीस लेकरे एका मांडवाखाली आणि एकाचाही आवाज नाही.

८. आपल्या शेऱ्यानंतर दूध व सुकडी बंद झाली. त्यावर आयांनी मिळून पुरचुंड्या सोडल्या आणि मला कबुली द्यायला लावली. दि. २६ फेब्रुवारीस तपासनीस साहेब आले असता मी सर्व लोखंड त्यांच्यापुढे ओतले व हात जोडून घडले ते सांगितले. त्यांनी मुलांना अंगावरचा दोरासुद्धा काढून पुन्हा काट्यावर घेतले. महोदय, पुढचे आपण सावकाश वाचावे. लंका नऊ किलो सातशे भरली. तसेच आणखी सोळा मुले लोखंडाशिवाय पहिल्यापेक्षा जास्त भरली. साहेब हसले आणि म्हणाले, "अहो, उगाच कबुली देता, पोरं खरंच वाढली की!" त्यांनी शेरा कायम केला. त्यांच्याबरोबर आयाही हसल्या. लंकाचे गाल वर आलेले, पाय गुबगुबीत दिसत होते. रतनबाईने तर तिची दृष्ट काढली.

९. मी हसलो नाही. जनावर उपाशी राहून पार खंगले की त्याच्या गळ्याखाली पाणी उतरते. हाताला थुलथुल लागते आणि नवशिक्याला वाटते, जनावर भरले. असे जनावर मी आयुष्यात एकदाही विकले नाही, कारण ते घरापर्यंत पोहोचत नाही हे मला माहीत होते. माझ्या मुलीच्या अंगात भरलेले ते मांस नव्हे, पाणी आहे, असे माझे म्हणणे आहे. मी डॉक्टर नाही. माझे म्हणणे खोटे ठरले तर मला कामावरून काढावे, फौजदारी करावी, मी आनंदाने जाईन.

१०. आपल्या कचेरीत चौकशी केली असता कळले की, एकदा सुदृढ ठरलेल्या केंद्राची फेरतपासणी तिमाही संपल्यावर होते, आणि मधल्या काळात अर्ज करावयाचा तर वजन घटल्याचा दाखला जोडावा लागतो. वजन रोज वाढत आहे. तेव्हा दाखला मी कोठून आणू, हे कृपया कळवावे. मी पहिल्यांदा लोखंड बांधून काटा फसविला. आता तोच काटा आमच्या मुलांचे अंग पाहून फसतो आहे, आणि खरे सांगूनही कोणी ऐकत नाही. सबब विनंती की :

अ) वरील शेरा रद्द करून दूध व सुकडी आजपासून चालू करावी.
ब) सुजलेल्या सतरा मुलांना नेण्यासाठी जीप पाठवावी. एकही आई मूल लपविणार नाही, याची हमी मी घेतो. गोजरबाईने स्वतः सर्व बायांना समजावले आहे.
क) शिक्षा एकट्या मला करावी. बायांनी माझे ऐकले, एवढाच त्यांचा अपराध.

११. काटा आणू नये. आपण स्वतः यावे. लंका छबूबाईच्या झोळीत निजलेली असते, तिच्या पायाच्या नडगीवर आपला अंगठा दाबून धरावा व उचलावा. तेथे खळगा पडतो. तो भरून येईपर्यंत मोजावे. सोमवारी मी वीसपर्यंत मोजले. मंगळवारी चाळीस झाले. आज सकाळी शंभर मोजले तरी खळगा तसाच होता. रतनबाई विचारीत होती, किती झाले. मी तिला वीस सांगितले.

खोटी पत्रके लिहिणारा, परंतु हा अर्ज खरा लिहिणारा,
आपला नम्र,

(सही) पुंजाराम एकनाथ ढाकणे

मु. बोरतळे खडी केंद्र, ता. शेवगाव
दि. ८ मार्च १९७३

सोबत : १) चार महिन्यांच्या वजनपत्रकाची नक्कल, माझ्याच हस्ताक्षरात.
२) चाळीस मुलांच्या आयांचे अंगठे. रतनबाईला सही येते, तिने सही केली आहे.