कुत्रा आणि बोका दादाकडे जाऊ नयेत म्हणून

मी, खाली सही करणारी, वय बत्तीस, अविवाहित, व्यवसायाने रसायनतज्ज्ञ, असे लिहून ठेवते की हा मजकूर लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे, मी कोणतेही गुंगीचे औषध घेतलेले नाही आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न झाला होता, त्याचा उल्लेख त्याच्या जागी येईल.

येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. सर्जन म्हणाले, धोका अगदी किरकोळ आहे, विचारसुद्धा करू नका. किरकोळ धोक्यांचा विचार करण्यासाठीच मला पगार मिळतो, त्यामुळे मी विचार केला. मी गेले तर माझ्यामागे दोघे राहतात: नमुना नावाचा म्हातारा कुत्रा आणि मुकादम नावाचा बोका. कायद्याच्या दृष्टीने हे दोघे वस्तू आहेत, फ्रिज आणि कपाटाच्या रांगेतल्या. मी काही लिहिले नाही तर ते फ्रिजबरोबर माझ्या थोरल्या भावाकडे जातील, कारण आई-वडील नाहीत आणि दुसरे भावंड नाही. हे मृत्युपत्र ते थांबवण्यासाठी आहे. बाकीची कलमे ओघाने आली आहेत.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि गॅलरी, जनावरांच्या धर्मादाय दवाखान्याला द्यावे. त्याबदल्यात दवाखान्याने नमुना आणि मुकादम यांचे उपचार शेवटपर्यंत करावेत. घर लगेच द्यावे, दोघे गेल्यावर नव्हे. घर मिळण्याचा दिवस आणि जनावर मरण्याचा दिवस यांचा संबंध मी मुद्दाम ठेवलेला नाही. माणसांना असला संबंध दाखवू नये, चांगल्या माणसांनाही नाही. हे सगळे अमलात आणण्याचे काम त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी करावे. त्यांनी हो म्हटले आहे, तेही एका मांजराच्या कानात औषध घालता घालता, मान वर न करता. म्हणून मला त्यांच्यावर भरवसा आहे.

कलम २. ज्याच्याशी माझे लग्न ठरले होते आणि मग ठरले नाही, त्याने दिलेल्या वस्तू त्याला परत कराव्यात. त्या अशा: कुत्र्याचा गॉगल, कुत्र्याची वाढदिवसाची टोपी, बदामी आकाराचे गुलाबी प्लास्टिकचे भांडे आणि कुत्र्यांसाठीचे अत्तर. अत्तराची बाटली जवळपास भरलेली आहे. एकदाच वापरली गेली. मी कामावरून आले तेव्हा नमुना पलंगाखाली तोंड घासत होता आणि हे महाशय सोफ्यावर बसून होते.

"काय केलंस त्याला?"

"काही नाही गं. वास येत होता, म्हणून जरा मारलं."

"त्याला तुझा रोज येतो. तो तुझ्यावर काही मारतो का?"

त्याला तो विनोद वाटला. कुत्रा नाकाने जग वाचतो आणि अत्तर म्हणजे त्याच्या डोळ्यांत फेकलेली पूड, हे मी समजावले. तो म्हणाला, "तू प्रत्येक गोष्टीची प्रयोगशाळा करतेस." अंगठी मी त्याच आठवड्यात परत केली. प्लास्टिकच्या भांड्याबद्दल एवढेच: त्याला चरे पडतात, चऱ्यांत घाण राहते आणि मांजराच्या हनुवटीवर काळे पुरळ उठते. भांडे स्टीलचे असावे, पसरट असावे, रोज घासावे. प्रेमाला बदामाचा आकार असतो असे मानणाऱ्या माणसाकडून मी याहून जास्त अपेक्षा करायला नको होती.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे ग्रॅमचा तराजू, नखे कापायच्या दोन कात्र्या, बारीक दातांची फणी आणि शाम्पूची आम्लता तपासायच्या पट्ट्या, डॉक्टरीणबाईंना द्याव्यात. पट्ट्या मुदतीत आहेत. "शंभर टक्के नैसर्गिक" असे छापलेली बाटली मी या पट्ट्यांनी तपासत असे. निसर्गात सापाचे विषही शंभर टक्के नैसर्गिक असते, हे मी आमच्या, जनावरांची औषधे आणि शाम्पू बनवणाऱ्या, कंपनीच्या बैठकीत म्हणाले होते. जाहिरात विभागाच्या साहेबांनी त्यावर चहा मागवला.

कलम ४. आता माझा भाऊ आणि वहिनी.

दादाचे कुत्र्या-मांजरांच्या सामानाचे दुकान आहे. पाटीवर पंजाचा ठसा आहे आणि "प्रेम इथे मिळते" असे लिहिले आहे. मिळते. त्यावर सवलतही मिळते. सवलतीचे पिवळे स्टिकर दादा स्वतः लावतो आणि ते खोक्यावर नेहमी एकाच जागी लावतो, उजवीकडे खाली, म्हणजे गल्ल्यावरून चटकन दिसतात. गोचीड आणि पिसवांसाठी मानेवर सोडायच्या थेंबांच्या खोक्यावर नेमक्या त्या जागी लाल अक्षरांत एक ओळ असते: "फक्त कुत्र्यांसाठी. मांजरांच्या जिवाला धोका." ती ओळ मी लिहिली आहे. त्या थेंबांच्या मिश्रणावर मी काम करत होते. साहेबांना अक्षरे लाल नको होती, कारण लालने गिऱ्हाईक दचकते. दचकावे म्हणूनच ती लाल होती. भांडून मी ती लाल ठेवली आणि माझ्या सख्ख्या भावाने तिच्यावर पिवळे स्टिकर लावले.

माझी पहिली मांजर, चिंधी, मी कामासाठी बाहेरगावी असताना वहिनीकडे होती. वहिनीने तिच्या मानेवर ते थेंब घातले. मी पोचले तेव्हा चिंधी टॉवेलवर होती, सगळे अंग थडथड उडत होते आणि वहिनी तिला दूध पाजायचा प्रयत्न करत होती. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

"अगं, मी तर अर्धाच डोस घातला," वहिनी रडत म्हणाली. "छोटा जीव म्हणून."

कुत्र्याचे शरीर ते औषध पचवते, मांजराचे पचवत नाही. त्याला अर्धा डोस नसतो. मी स्टिकर नखाने काढून दादाला खालची ओळ दाखवली.

"कंपन्या लिहितातच गं असलं," दादा म्हणाला. "स्वतःची बाजू राखायला."

"ही ओळ मी लिहिली आहे, दादा."

"मग तर तुला माहीतच होतं. सांगायचं नाहीस का आधी?"

वहिनीने त्यानंतर चिंधीच्या फोटोला पंख लावून तो सगळ्यांना पाठवला. स्टिकर आजही त्याच जागी लागतात. मागच्या आठवड्यात मी मुद्दाम जाऊन पाहिले.

तर दादाला मी स्टिकर खरवडायची पोलादी पाती देते, नवी, तिच्या म्यानासकट. वापरावी. वहिनीला तो फोटो काढून टाकण्याची विनंती करते. याखेरीज दोघांना काही नाही.

दबाव तो हाच. शस्त्रक्रियेची तारीख कळल्यावर दोघे घरी आले. वहिनीने नमुन्याचे तोंड दोन्ही हातांत धरले आणि म्हणाली, "लेकरं आहेत हो आमची. ह्यांना कुठे परक्याकडे टाकायचं?" दादा म्हणाला, "राजासारखे राहतील. दुकानच आपलं आहे."

"आणि घर?" मी विचारले.

"घराचं काय एवढं? ते त्यांच्याबरोबर येईलच ना."

दादा खोटारडा नाही. तो खरोखर त्यांच्यावर प्रेम करतो, आणि वहिनी तर त्याच्याहून जास्त. माझी हरकत नेमकी तिथेच आहे. चिंधीच्या मानेवर हात प्रेमानेच फिरला होता.

कलम ५. जो कोणी दोघांना सांभाळेल त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात. मुकादमला दूध देऊ नये, तो मागेल, उत्तम नाटक करेल, तरी नाही. त्याच्या शी-शूसाठीच्या मातीच्या तबकात सुगंधी माती नको, त्याला सुगंध आवडतो असे फक्त माती विकणाऱ्यांना वाटते. तबके दोन, एक जास्तीचे, आणि जेवणापासून लांब. माणसांच्या तापाची गोळी मांजराला मारते, अर्धीसुद्धा. लिलीची फुले घरात आणू नयेत, फुलदाणीतले पाणीही त्याला घातक आहे. नमुन्याला कांदा, द्राक्षे, चॉकलेट आणि पाहुण्यांच्या ताटातले काहीही नाही. गळपट्ट्याखाली दोन बोटे जावीत, तीन जात असतील तर तो सैल आहे. माणसांचा शाम्पू नको. दात घासावेत, पण त्याच्या पेस्टने. कानात काडी घालू नये, कापसाचा बोळा पुरे. त्याचे वजन वाढले तर "गोंडस" म्हणू नये. त्याचे गुडघे गोंडस नाहीत, दुखरे आहेत.

कलम ६. आणि म्हणून, नमुना आणि मुकादम यांचा ताबा मी खालच्या मजल्यावरच्या काकूंना देते. दोघांच्या खाण्यासाठी माझी सगळी बचत त्यांच्याकडे जावी, आणि त्यातले जे उरेल तेही त्यांचेच, हिशेब मागू नये.

काकूंना कुत्री आवडत नाहीत. मांजरे तर त्याहून नाहीत. मी इथे राहायला आल्यापासून त्या जिन्यात उभ्या राहून तक्रार करत आल्या आहेत. एकदा म्हणाल्या, "तुमच्या कुत्र्याची नखं माझ्या डोक्यावर वाजतात." मी नखे कापली. पुढे एकदा म्हणाल्या, "हल्ली तो जिन्याच्या वळणावर थांबतो. आधी सरळ उतरायचा. मला दारामागे ऐकू येतं, मध्येच बंद पडतं." तो थांबत होता हे मला कळले नव्हते, कारण मी पुढे असे आणि फोनवर असे. दादा प्रत्येक भेटीत त्याला कुरवाळत होता, त्यालाही कळले नव्हते. दवाखान्यात गुडघ्यांचे निदान वेळेत झाले ते या तक्रारीमुळे.

तपासण्यांसाठी मला इस्पितळात राहावे लागले तेव्हा दादा येतो म्हणाला आणि गिऱ्हाइकांमुळे आला नाही. किल्ली आणि कलम ५ मधल्याच सूचनांचा कागद काकूंकडे होता. मी परत आले तेव्हा त्या दारातच, नाकाला पदर लावून उभ्या होत्या.

"सगळं कागदाप्रमाणे केलं," त्या म्हणाल्या. "तो बोका दुधासाठी रडत होता. मला वाईट वाटलं. पण कागदावर 'नाही' लिहिलं होतं, म्हणून नाही दिलं."

आयुष्यात इतके चांगले वाक्य मला कोणी ऐकवलेले नाही, आणि माझ्या कंपनीत तर नक्कीच नाही.

काल मी त्यांना विचारले. त्या बराच वेळ नमुन्याकडे बघत राहिल्या, जसे कोणी गळक्या नळाकडे बघते.

"मी कडेवर वगैरे घेणार नाही हं त्यांना."

"घेऊ नका."

"लेकरं-बिकरं म्हणणार नाही."

"नका म्हणू, काकू."

"आणि तुम्ही धडधाकट परत आलात तर?"

"तर कागद तसाच राहील, तुमच्या तक्रारी चालू राहतील."

"मग परत याच," काकू म्हणाल्या. "त्या कुत्र्याला जिना चढवणं माझ्याच्यानं व्हायचं नाही." मग एक पायरी उतरून थांबल्या. "गुडघ्याचं औषध जेवणाआधी की नंतर? तुम्ही कागदावर लिहिलेलं नाही."

नंतर. ते मी आज कलम ५ ला जोडते आहे: गुडघ्याचे औषध जेवणानंतर, पोट भरलेले असताना.

हा मजकूर मी दोनदा वाचला. खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

साक्षीदार १: जनावरांच्या दवाखान्यातल्या परिचारिका. (सही)

साक्षीदार २: प्रयोगशाळेतले माझे सहकारी, तराजूंची तपासणी करणारे. (सही)

मृत्युपत्र करणारी: (सही)

ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरात. टेबलाखाली नमुना झोपलेला आहे.

दिनांक: आठ मार्च, रविवार, दुपार.