दिवे न विझवण्याबाबत

प्रति,
मा. सभागृह अधिकारी,
सार्वजनिक सभागृह कक्ष, विभाग कार्यालय,
पहिला मजला, जिन्याच्या डावीकडे
(उजवीकडे जन्म-मृत्यू नोंदणी आहे. तेथे मी चुकून दोनदा जाऊन आलो.)

विषय : येत्या शनिवारी 'पाच मिनिटांची संध्याकाळ' या कार्यक्रमात प्रेक्षकांवरचे दिवे चालू ठेवण्याबाबत, आणि मुळात सभागृह मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज (तीन अटींवर मंजूर). २) माझा दुसरा अर्ज (श्रोते कमी, म्हणून नामंजूर). ३) काल आपल्या खिडकीवर मिळालेला तोंडी नकार (वक्ते कमी, म्हणून).

महोदय,

१. मी खाली सही करणारा, पाणी खात्यातून निवृत्त झालेला मीटर तपासनीस, आपल्या कार्यालयाच्या मागच्या गल्लीतील चार मजली इमारतीत राहतो. नोकरीभर दारोदारच्या तक्रारी ऐकून मी सर्वांना "लेखी द्या" असे सांगत आलो. ते शब्द आता फिरून माझ्याच गळ्यात पडले आहेत. आठवड्याभरातला हा माझा तिसरा अर्ज असून चौथा लिहिण्याइतके दिवसही उरलेले नाहीत आणि त्राणही उरलेले नाही, हे प्रथम नमूद करतो.

२. कार्यक्रमाचे स्वरूप आपणास ठाऊक आहेच. इमारतीतील रहिवाशांनी एका संध्याकाळी सभागृहात जमावे, प्रत्येकाने पाच मिनिटे आपल्या आवडीच्या विषयावर हसतखेळत बोलावे, आणि घरी जावे. असा कार्यक्रम आमच्याकडे पूर्वी कधी झालेला नाही. मीही पूर्वी कधी काही आयोजित केलेले नाही. माझ्या लग्नाचे आयोजनसुद्धा मेहुण्याने केले होते, आणि तो ते अजून ऐकवतो.

३. आपण घातलेल्या अटी अशा : वक्ते किमान दहा असावेत, श्रोते वक्त्यांच्या दुप्पट असावेत व ते वक्त्यांपैकी नसावेत, आणि विजेच्या बचतीसाठी कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांवरचे दिवे बंद ठेवावेत. पूर्वी एका संस्थेने व्याख्यानाच्या नावाखाली सभागृह घेऊन त्यात कपाटांचा सेल लावला, म्हणून श्रोत्यांची यादी आधी मागावी लागते, असे खिडकीवरच्या बाईंनी सांगितले. त्यांची काळजी मला पटते. पण कपाटवाल्यांच्या पापाची फळे आम्ही का भोगावीत, एवढेच मनात येते.

४. हा खटाटोप कशासाठी, ते पहिल्या अर्जात लिहिले नव्हते. आता लाज सोडून लिहितो. माझी आत्या आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. इमारतीतले सगळेच तिला आत्या म्हणतात, तिच्याहून वयाने मोठे असलेले भूगोलाचे मास्तरसुद्धा. ती रफूचे काम करते. जिन्याच्या वळणावर, खिडकीखाली, उजेड चांगला येतो म्हणून तिचे बाकडे असते. कोणाची कोपरावर विरलेली बाही, कोणाचा सिगारेटने भोक पडलेला कोट, असे घेऊन लोक यायचे आणि काम होईपर्यंत तिथेच उभे राहून बोलायचे. आधी कपड्याबद्दल, मग कपडा कसा फाटला त्याबद्दल, मग घरातल्या सगळ्याच गोष्टींबद्दल. आत्या मान खाली घालून टाके घाली, मधून वर पाही, हसायचे तिथे हसे. पोटात गेलेली गोष्ट तिच्या ओठांवर कधी आली नाही. असे माणूस इमारतीला मिळाले होते, हे आम्हाला वेळीच कळले नाही.

५. मागच्या वर्षी पाण्याची मोटर जळाली. जिनाभर धूर झाला, सगळी इमारत "आत्या, उठा, बाजूला व्हा" म्हणून ओरडत होती, आणि आत्या मान खाली घालून शांतपणे एका स्वेटरचा गळा सांधत बसली होती. तेव्हा उलगडा झाला की तिला ऐकू येत नाही. कधीपासून, ते कोणालाच माहीत नाही. विचारले तर ती हसते. समोरच्याचे तोंड खुलले की ती हसायची, पडलेले दिसले की 'च्‌ च्‌' करायची, आणि एवढ्यावर आमचे सगळ्यांचे समाधान होत होते.

त्यानंतर जे झाले तेही लिहितो. लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ रागावले. "म्हणजे इतके दिवस मी भिंतीशी बोलत होतो?" असे ते जिन्यातच म्हणाले. ते आत्याला ऐकू गेले नाही, पण त्यांचे तोंड तिने पाहिले. हळूहळू लोकांनी थांबणे सोडले. आता कपड्याची पिशवी तिच्या दाराच्या कडीला अडकवतात, भोक कुठे आहे ते दाखवायला टाचणी टोचतात आणि निघून जातात. कपडे येतात, माणसे येत नाहीत. बाकड्यावर ती एकटी बसते. लांबच्या शहरात राहणारा तिचा मुलगा कित्येक वर्षे बोलावत होता. या वेळी ती हो म्हणाली. सोमवारी सकाळची गाडी आहे. आपण निघताना 'येतो' म्हणतो खरे, पण या वयात एवढ्या लांब गेलेले माणूस परत येत नाही.

म्हणून मी ठरवले की जाण्यापूर्वी एकदा सगळ्यांनी तिच्यासमोर उभे राहून बोलावे आणि तिने पहिल्या रांगेत बसून सगळ्यांची तोंडे पाहावीत. हेतू उघड केला असता तर लोक दया म्हणून आले असते आणि ते तिने टाक्यागणिक ओळखले असते. म्हणून 'मौजेचा कार्यक्रम' असे जाहीर केले. खरे कारण फक्त माझ्या पत्नीला माहीत होते, आणि आता आपल्याला.

६. येथे माझी पहिली चूक झाली. जिन्यात कागद लावून त्यावर 'कोणाला बोलायचे आहे?' असे लिहिले. महोदय, असे कधी कोणाला विचारू नये. संध्याकाळपर्यंत कागद भरला आणि लोक भिंतीवर लिहू लागले. दंतवैद्यांनी 'दातांना तुमच्याबद्दल काय वाटते' हा विषय दिला. शिंप्यांनी 'माप देताना माणसे पोट आत का घेतात' हा दिला. लिफ्टवाल्यांनी 'लिफ्टमध्ये अडकलेले लोक मला देत असलेली वचने', मास्तरांनी 'मी शिकवलेले व कधीही न पाहिलेले देश'. मेहुणा तर दुसऱ्या गल्लीतून आला आणि 'कमी बोलण्याचे फायदे' या विषयासाठी त्याने लागोपाठच्या तीन वेळा स्वतःच्या नावावर लिहून घेतल्या.

शेजारच्या 'ऐकायला कोण येणार?' या कागदावर एकच नाव होते. आत्याचे.

ती यादी घेऊन मी आपल्या खिडकीवर आलो. ऐकू न येणाऱ्या व्यक्तीस श्रोता धरता येत नाही, सबब श्रोते शून्य, असे बाईंनी सांगितले. मी त्यांना म्हणालो की इमारतीत आजवर खरे ऐकले ते हिनेच, बाकी सगळे आपली पाळी येण्याची वाट पाहतात. त्यावर त्या म्हणाल्या, "तसं प्रमाणपत्र आणा." मग मी श्रोत्यांसाठी वणवण केली. वक्त्यांनी एकमेकांचे ऐकावे असे सुचवले, तर प्रत्येकाला आपली पाच मिनिटे झाल्यावर नेमके काहीतरी काम होते. शेवटी आपल्याच कार्यालयातील कर्मचारी एका संध्याकाळपुरते श्रोते म्हणून द्यावेत, असा दुसरा अर्ज केला. तो नामंजूर झाला हे योग्यच झाले. ते दिवसभर लोकांचे ऐकतात, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

७. मंगळवारी आत्या कठडा धरत खाली आली. तिने माझ्या हातातले पेन घेतले, ऐकणाऱ्यांच्या कागदावरचे आपले नाव खोडले आणि बोलणाऱ्यांच्या कागदावर अगदी तळाशी लिहिले. विषय : 'मला काय काय ऐकू आलं'.

त्या क्षणापासून इमारतीचे तोंड बंद आहे. जो तो एकच हिशेब मांडत बसला आहे : मी तिला अमुक सांगितले, ते ऐकू येणे बंद होण्यापूर्वी की नंतर? ऐकले नाही म्हणून जे रागावले होते, तेच आता तिने ऐकलेले नसावे म्हणून देव पाण्यात घालून बसले आहेत. लिफ्टवाले मला गाठून विचारतात की मागच्या थंडीत तिला ऐकू येत होते का. वकीलबाई म्हणाल्या की जिन्यात बोललेले पुरावा होत नाही. त्या हे कोणी न विचारता म्हणाल्या. दंतवैद्यांनी माइकची वायर ऐन वेळी निसटू शकते का, अशी चौकशी केली. मेहुण्याने तिन्ही वेळा सोडल्या आणि पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची मागितली, म्हणजे गरज पडल्यास मोठ्याने खोकता येईल. दुसऱ्या दिवशी पाहतो तो बोलणाऱ्यांच्या कागदावरची आत्याचे सोडून सगळी नावे खोडलेली, आणि ऐकणाऱ्यांच्या कागदाला मी दोन पुरवण्या जोडल्या तरी जागा पुरेना. माझ्या पत्नीनेही आपले नाव खोडले. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही तुमचे मीटर बघा."

मी आनंदाने धावत खिडकीवर आलो की श्रोते मिळाले. बाईंनी कागद पाहिले आणि म्हणाल्या की आता वक्ता एकच उरला. एक वक्ता म्हणजे व्याख्यान. व्याख्यानाचा अर्ज महिनाभर आधी द्यावा लागतो. महोदय, तेथेच बाकावर मी जरा वेळ बसून होतो. शिपायाने पाणी दिले, त्याचे आभार मानतो.

८. तरी पुढीलपैकी काहीही ग्राह्य धरावे, ही हात जोडून विनंती :

अ) आत्याच्या पाच मिनिटांचे अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे दहा तुकडे करून ती दहा भाषणे समजावीत. प्रत्येक तुकड्यानंतर टाळ्या वाजवून घेण्याची जबाबदारी मी घेतो.

आ) ते जमत नसल्यास, सभागृहात कपाटांचा सेल असल्याचे दाखवावे. आमच्याकडची दोन कपाटे मी स्वतः आणून ठेवीन.

इ) दोन्ही जमत नसल्यास, खोडलेल्या नावांचे सर्व वक्ते हे वक्तेच धरावेत. त्यांची भाषणे जिन्याच्या वळणावर, बाकड्यासमोर उभे राहून, यापूर्वीच झालेली आहेत. कोणीही पाच मिनिटांची मर्यादा पाळली नव्हती. शनिवारी होणार आहे ते फक्त आभाराचे भाषण, किंवा जे काही असेल ते.

९. आता दिव्यांबद्दल. यासाठीच मुख्यतः हा अर्ज आहे, पण सवयीने शेवटी आला.

काल मी आत्याला हातवारे करून विचारले की तू कोणाचे काय सांगणार आहेस. ती म्हणाली, "अरे, कुणाचं काही सांगायला का मी उभी राहते? पण सगळे येतील ना आता?" मी मान हलवली. मग ती म्हणाली, "मला माझाच आवाज येत नाही रे. मी बोलतेय का नुसते ओठ हलवतेय, ते मला तुमच्या तोंडांवरून कळणार. अंधार केलास तर मी कुणाशी बोलू? एवढं कर, दिवे घालवू नको."

म्हणून, महोदय, त्या पाच मिनिटांपुरते प्रेक्षकांवरचे दिवे चालू राहावेत. विजेचा जो भार पडेल तो माझ्याकडून वसूल करावा. मीटर वाचता येते मला. मी काल सभागृह पाहून आलो. सगळे दिवे लागतात, फक्त तिसऱ्या रांगेच्या वरचा एक जळालेला आहे.

१०. तिसऱ्या रांगेत त्या दिव्याखाली मी बसणार आहे. आपण विचारले नाही, पण लिहून ठेवतो. त्या बाकड्यासमोर मीही उभा राहायचो. मोटर जळण्याच्या थोडे आधी, बटण लावायच्या निमित्ताने, मी तिला म्हणालो होतो की आत्या, तू आहेस म्हणून मी रोज जिना उतरतो. तू गेलीस तर मी कुणाशी बोलायचे. तिने वर पाहिले आणि हसली. माझे तोंड तेव्हा खुललेले नव्हते. तरी ती हसली, म्हणजे तिने ऐकले असेल, किंवा ऐकले नसेल. सोमवारनंतर मला हे कधीच कळणार नाही. शनिवारी बोलता बोलता तिने माझ्याकडे पाहिले, तर कळेल. तेवढ्यासाठी तिला मी दिसलो पाहिजे.

आपल्या खिडकीसमोर अजून उभा असलेला, आपला नम्र,

(सही)
आयोजक, 'पाच मिनिटांची संध्याकाळ'
(तसेच खुर्च्या लावणारा)
गुरुवार, कार्यालय बंद होण्यापूर्वी

सोबत :
१) श्रोत्यांची यादी, पुरवण्यांसह.
२) वक्त्यांची यादी, खोडलेली. तळाचे नाव वाचता येते.
३) आत्या श्रोता असल्याचे प्रमाणपत्र. बाईंनी मागितल्याप्रमाणे. इमारतीतील सर्वांच्या सह्यांचे. पहिली सही लिफ्टवाल्यांची.
४) दिवा, नवीन, एक. तिसऱ्या रांगेसाठी. अर्ज नामंजूर झाला तरी तो परत करू नये.