उलटा बसवलेला पंखा

स्लाऊ, ५ ऑक्टोबर

चि. सौ. अक्षया हिस ताईचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. फोनवर बोललं की मीनलचे कान भिंतीला लागतात, म्हणून लिहितेय. सूनबाईला दुसरं काम नाही. माझं गावच्या शाळेतलं अक्षर वाकडं वाटलं तर मान वाकडी करून वाच, तेवढाच तुझ्या मानेला व्यायाम.

आमच्या चिरंजीवांना, विनयला, नवं खूळ लागलंय. हिरव्या कॉफीच्या बिया आणतो नि घरीच भाजतो. किचनमध्ये भाजल्या की स्मोक अलार्म बोंबलतो. मग साहेबांना माझ्या खोलीची खिडकी दिसली. तिच्यात प्लायवूडची फळी बसवली, फळीला गोल भोक, भोकात चंदेरी पाईप, पाईपात पंखा. खाली टेबलावर भाजायचं यंत्र. धूर गेला बाहेर आणि माझी खुर्ची गेली कपाटापाशी. फळी शनिवारपुरतीच म्हणाला होता. आता म्हणतो, काढली की कडेचा फोम फाटतो.

तुझे भावजी गेल्यापासून मी त्या खिडकीत बसूनच दिवस काढले गं. समोरचीचं कुत्रं, बसस्टॉपवरची भांडणं, सगळं दिसायचं. आता फळी बघते. तुझं बरंय, पोरबाळ नाही, खिडकी शाबूत!

पंख्यावर बाण आहे, हवा कुठं जाणार त्याचा. दोन क्लिपा सैल केल्या की पंखा उलटा बसवता येतो. शनिवारी मीनलच्या ऑफिसची माणसं कॉफीला येणार. बाण मी घरात वळवणार. मग बघू फळी राहते का.

लोभ आहेच तुझा. नसला तरी दुसरी ताई कुठून आणशील?

वैजयंती


साउथहॅम्प्टन, ९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

पत्र पोचलं. ताई, असलं काही करू नकोस. दियाला दमा आहे, नात आहे ती तुझी. विनयला सरळ सांग की मला माझी खिडकी हवी. तोंड आहे तुला, माझ्यावर चालवताना कधी थकत नाही.

आणि पोरबाळाचं प्रत्येक पत्रात लिहायलाच हवं का? या वेळी यांनी वाचलं. आणि उठून गेले.

माझ्यावरचा लोभ जरा कमी केलास तरी चालेल.

अक्षया


स्लाऊ, २० ऑक्टोबर

चि. सौ. अक्षया हिस आशीर्वाद.

केलं गं! विनयनं वर भाजायला घेतलं, आणि सगळा धूर जिन्यावरून खाली. बियांची फोलपटं उडून मीनलच्या ऑफिसातल्या साहेबीणबाईंच्या केसांत. मीनलचा मस्कारा गालावर. मी खुर्चीत बसून हसत होते. दियाला पंप द्यावा लागला, पण तासाभरात खेळायला लागली.

विनय ओरडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्यापाशी गुडघ्यावर बसला आणि हळू आवाजात विचारलं, आई, आज वार कोणता? मी म्हटलं, अरे गाढवा, मुद्दाम फिरवलाय मी पंखा. तर त्यानं मीनलकडं बघितलं, मीनलनं त्याच्याकडं. मेमरी क्लिनिकला, विसरभोळ्यांच्या दवाखान्यात, नेलं. डॉक्टरनं तारीख विचारली. मी म्हटलं, तुमचं लग्न ठरलं तीच. कुणी हसलं नाही. लिहून घेतलं.

आता केअर होममध्ये एक खोली रिकामी झालीय म्हणे. कशी रिकामी झाली ते विचारायचं नाही. सोमवारी विनय हो म्हणणार. मी काही सांगितलं की मीनल माझा हात थोपटते, तान्ह्या पोराचा थोपटावा तसा.

तू विनयला फोन कर. आधीपासून ठरवलं होतं हे तुला माहीत आहे, दुसऱ्या कुणाला नाही. ताई खोडकर आहे, वेडी नाही, एवढंच सांग. तुझ्या पाया पडते.

वैजयंती


साउथहॅम्प्टन, २४ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

मी करायच्या आधीच विनयचा फोन आला. मावशी, आई तुमच्याशी आधी काही बोलली होती का, म्हणाला. आणि लगेच म्हणाला, ती शहाणी असेल, मुद्दाम केलं असेल, तर दियाच्या जवळ मला ती नको, मग तुमच्याकडे ठेवाल का?

मी यांच्याकडे बघितलं. यांनी पेपर खाली केला नाही.

मी म्हटलं, नाही रे, माझ्याशी काहीच बोलली नाही. आणि पोरबाळ नसलेल्या बाईला यातलं काय कळणार? तूच बघ.

तिथल्या खोलीची खिडकी मोठी आहे म्हणे. पार्किंग दिसतं.

लोभ आहेच. नवा पत्ता मी विनयकडून घेतलाय.

अक्षया